गाउनच्या आत पैठणी : माझा अनुभव

अमेरिकेत, इंडियाना राज्यात मेकॅनिकलचं मास्टर्स संपत आलं तेव्हा कमेन्समेंटच्या पोशाखाची मेल आली. कमेन्समेंट म्हणजे आपला पदवीदान समारंभ. फॉर्ममध्ये उंची, वजन, डोक्याचा घेर आणि पदवी भरायची होती. कपड्याच्या मापात पदवी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण तिकडे कपडा पदवीवरूनच ठरतो. बॅचलरच्या गाउनची बाही टोकदार, मास्टर्सची लांब आणि खालून बंद, पीएचडीची घंटेसारखी पसरट आणि वर मखमलीच्या तीन पट्ट्या. पाठीवर सोडायचं ते हूड. त्याचीही मापं ठरलेली: बॅचलरला तीन फूट, मास्टर्सला साडेतीन, डॉक्टरेटला चार. बॅचलरवाले बहुतेक ठिकाणी हूड घालतच नाहीत.

हूडच्या आतलं अस्तर विद्यापीठाच्या रंगांचं, आमचं सोनेरी आणि काळं. कडेची मखमल विषयाच्या रंगाची. इंजिनिअरिंगला नारिंगी. बाबांना फोटो पाठवला तर लगेच उत्तर, "भगवा आहे की गं!" मग मी त्यांना बाकीचे रंग सांगत बसले: विज्ञानाला सोनेरी पिवळा, कायद्याला जांभळा, वैद्यकीयला हिरवा, पीएचडीला गडद निळा. शेतीला मक्याचा पिवळा, हे तर मका पिकवणाऱ्या इंडियानात शोभूनच दिसतं. माझी रूममेट बिझनेसची, तिच्या वाट्याला चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला. सेमिस्टरभर ती त्यावरून कुरकुरत होती.

हे सगळं कुणी ठरवलं, म्हणून शोधलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा गार्डनर कॉट्रेल लिओनर्ड नावाचा एक विद्यार्थी. विल्यम्स कॉलेजातल्या आपल्या 1887च्या बॅचसाठी त्याने गाउन डिझाइन केले आणि घरच्याच पेढीतून शिवून घेतले. पुढे 1895 साली कोलंबिया विद्यापीठात बैठक होऊन अमेरिकेतल्या कॉलेजांची पोशाखाची संहिता ठरली, तीही त्याच्याच मदतीने. गाउन-हूडचं मूळ युरोपातल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या विद्यापीठांत सांगतात. तेव्हा इमारतींत ऊब नसायची, म्हणून लांब झगा आणि डोक्यावर ओढायला टोपडं. आता ते टोपडं कुणी डोक्यावर घेत नाही, नुसतं पाठीवर लोंबतं.

काकांचं म्हणणं वेगळंच. "आम्ही इकडे गाउन काढून टाकतोय आणि तू डॉलर मोजून घालतेयस!" त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. 2010 मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भर मंचावर गाउन उतरवला होता. 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही आपल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून स्थानिक परंपरेचा पोशाख ठरवायला सांगितलं. मला ते पटतं. पण इंडियानात तो झगा त्यांचा स्वतःचा आहे, कुणी लादलेला नाही. त्यांच्या घरी त्यांच्या पद्धतीने, एवढं साधं माझं मत.

आईची मात्र एक अट होती: आत साडी. तीही तिच्या लग्नातली येवल्याची पैठणी, वांगी रंगाची. गाउन बंद करून घातला तर एवढ्या पैठणीतून दिसणार काय, पायाजवळचा वीतभर काठ! इथे संहिता कामी आली. बॅचलरचा गाउन बंदच ठेवायचा असतो, पण मास्टर्स आणि डॉक्टरेटचा उघडा ठेवला तरी चालतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दिसणारे कपडे गडद रंगाचे असावेत असंही आहे. वांगी रंग गडदच! आईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "बघ, साडीचा विचार करूनच लिहिलंय."

तसं काही नाही. हा पोशाख शर्टावर घालायचा, हे हूड हातात घेतलं की कळतं. गळ्यापाशी एक बारीकसा लूप असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. ब्लाउजला बटण कुठून आणणार? लूप मोकळा राहिला की पाठीमागच्या मखमलीचं वजन हूडला मागे ओढतं आणि पुढची पट्टी गळ्यात रुतते. इंटरनेटवर सल्ला मिळतो सेफ्टी पिनचा. पैठणीच्या जरीला पिन लावायची म्हटल्यावर आईने माझ्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. तिने सुईदोरा काढला आणि हूडची पट्टी दोन्ही खांद्यांवर आतून गाउनलाच कच्च्या टाक्यांनी टाचली. नारिंगी मखमल बाहेर वळवून, अस्तराचे रंग पाठीवर नीट दिसतील असं तिने आधी मला उभं करून लावून घेतलं आणि मग टाके घातले. हूड आणि गाउन एकच कपडा झाला, कोटासारखा चढवायचा. ज्या कुणाला साडी नेसायची असेल तिने हेच करावं; दोन मिनिटांत टाके उसवता येतात.

पदराचा प्रश्न उरला. आपला पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, म्हणजे मोर गाउनखाली आणि वर हूड. मी म्हटलं, उलट्या पदराची नेसू. आईला ते मान्य नव्हतं. शेवटी खांद्यावर पदराच्या अगदी पातळ, सपाट घड्या घातल्या, म्हणजे हूड एका बाजूला उचललं जात नाही, आणि पदर पाठीवरून उजवीकडून पुढे आणून कमरेला खोचला. गाउन उघडा असल्यामुळे मोर बरोबर समोर आले.

गाउन प्लास्टिकच्या पिशवीत चुरगळून आला होता. पॉलिएस्टरला गरम इस्त्री चालत नाही. न्हाणीघरात टांगून गरम पाण्याचा शॉवर सोडला की वाफेने सुरकुत्या जातात. टोपी डोक्यावर सपाट बसवायची, भुवयांच्या थोडी वर. अंबाडा वर बांधला तर टोपी बसत नाही, फार खाली बांधला तर हूडला घासतो. टोपीची कड आणि हूडचा गळा यांच्यात चार बोटं जागा असते, अंबाडा तिथेच. टोपीला दोन्ही बाजूंनी आकडे लावले. गजरा खोटा, कापडी होता. आईला तो आवडला नाही, पण तिथे मोगरा कुठून आणायचा? टोपीचा गोंडा बॅचलरवाले पदवी मिळाल्यावर उजवीकडून डावीकडे घेतात. आमचा आधीपासूनच डावीकडे.

समारंभ लांबला, एकेकाचं नाव पुकारण्यातच वेळ गेला. मास्टर्सच्या बाहीची गंमत तिथे कळली. हात मनगटापाशी मोकळा बाहेर येतो आणि बाहीचं टोक खाली थैलीसारखं बंद लोंबतं. मोबाइल, रुमाल, खडीसाखर सगळं त्यात मावलं. मंचावर जाताना मात्र मोबाइल शेजारणीकडे दिला, नाहीतर हस्तांदोलन करताना तो गुडघ्यावर आपटला असता. हिरव्या बांगड्या बाहीच्या शिवणीत अडकत होत्या, म्हणून उजव्या हातातल्या काढून डाव्यात घातल्या. हात मिळवणाऱ्या प्राध्यापकबाईंनी माझं नाव ऐकायच्या आधी मोर बघितले आणि विचारलं, "हे हातमागावरचं आहे का?"

गाउन विकतचा होता, परत द्यायचा नव्हता. तो आता एका मराठी ज्युनिअरकडे आहे. ती सिव्हिलची, म्हणजे मखमलीचा रंग तोच, हूडही चाललं. तिला नऊवारी नेसायचीय. मी तिला सांगितलं, बिनधास्त नेस, फक्त पायऱ्या चढताना गाउनचा घेर हाताने उचलून धर आणि खांद्यावरचे टाके आधीच घालून ठेव, सभागृहाबाहेरच्या गर्दीत सुई ओवता येत नाही.