कोपऱ्यातली चप्पल

दोन वर्षांपूर्वीचा फोटो आहे. बसथांबा, भुरभुर पाऊस आणि उलट्या झालेल्या छत्रीशी झटापट करणारे एक गृहस्थ. छत्रीसाठीच क्लिक केलं होतं. रात्री पाहिला, 'बरा आहे' म्हणून सोडून दिला. उलटी छत्री म्हणजे हुकमी हशा, कुणीही काढेल.

चार महिन्यांनी जुनी फोल्डरं साफ करताना तो पुन्हा उघडला आणि डाव्या कोपऱ्यात एक मुलगी दिसली. सात-आठ वर्षांची. एका पायावर उभी, दुसऱ्या पायाची बोटं पोटरीला टेकवलेली, तुटक्या पट्ट्याची चप्पल हातात. रडू आलंय, पण रडावं की नाही हे ठरलेलं नाही. शेजारच्या बाईंचा, बहुधा आईच, हात तिच्या डोक्याकडे निघालाय. पोचलेला नाही. थोपटायला निघालाय की टपली मारायला, कळत नाही.

मी तिथेच होतो, जेमतेम तीन मीटरवर. मला ती दिसलीच नव्हती!

माणसाला कळलं की आपला फोटो निघतोय, की तो लगेच स्वतःला आवरून घेतो. हसू तयार, पोट आत. मग बघणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. नकळत टिपलेल्या फोटोत सगळं अर्ध्यावर असतं, आणि काढणाऱ्याच्याही नजरेतून निसटलेलं काहीतरी आत येऊन बसतं. मला ओढ आहे ती याची.

फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँचा 1932 चा पॅरिसमधला फोटो घ्या, सँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस. कुंपणाच्या फटीतून काढलेला. लेन्सला फट पुरली नाही, म्हणून डावीकडे फळी आली आणि ती नंतर कापावी लागली. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरात एक नर्तकी तशीच झेपावलेली आहे. इतक्या घाईत तिच्याकडे कार्तिए-ब्रेसाँचं लक्ष गेलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड तर काढलेले फिल्मचे रोल वर्षभर, कधी त्याहून जास्त धुवायचाच नाही. काढतानाची भावना विसरली की फोटो नीट जोखता येतो, असं त्याचं म्हणणं. 1984 मध्ये तो गेला तेव्हा सुमारे 2,500 रोल न धुतलेले निघाले. तेवढा धीर माझ्यात नाही, पण चार महिने थांबायला मी त्या मुलीमुळे शिकलो.

तंत्राचं फार काही नाही. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, 35 मिमी लेन्स, एफ 8 (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान), फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवायचा. पावणेदोन ते पावणेपाच मीटरमधलं बहुतेक सगळं स्पष्ट येतं, कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावं लागत नाही. कुणी पाहिलं तर मी हसतो, नको म्हणालं तर समोरच फोटो उडवतो. त्यावर वाद घालणारे फोटोग्राफर मला आवडत नाहीत.

मुलीचा फोटो मी ऑनलाइन टाकलेला नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. घरी मात्र छोटा प्रिंट लावलाय. येणारे बहुतेक जण छत्री बघून हसतात आणि पुढे जातात.