पर्ड्यू चौथा, पाचवा की सहावा?

"पर्ड्यूनं यूसीएलएला हरवलंय ना, मग चौथं मानांकन पर्ड्यूचंच. शुक्रवार दुपारची घ्या, संपत आलीत." पर्ड्यू आणि यूसीएलए हे अमेरिकेतल्या विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ. पर्ड्यूच्या सामन्याचं कुठल्या दिवसाचं तिकीट घेऊ, असं विचारल्यावर तिकीट विकणाऱ्या एका कंपनीच्या बाईंनी फोनवर मला हे इतक्या ठामपणे सांगितलं, की मी कार्ड हातात घेतलं होतं. त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गोष्ट मार्च २०२५ मधली. बाबा सांगलीहून माझ्याकडे वेस्ट लाफायेटला, म्हणजे पर्ड्यूच्या गावी, आले होते. अख्खा हिवाळा टीव्हीवर पर्ड्यूचे सामने बघून त्यांना बास्केटबॉलची गोडी लागली होती. परत जायच्या आधी त्यांना बिग टेनच्या, म्हणजे पर्ड्यू ज्या अठरा विद्यापीठांच्या गटात खेळतो त्या गटाच्या, स्पर्धेतला पर्ड्यूचा एक सामना इंडियानापोलिसला नेऊन दाखवायचा, एवढंच मला हवं होतं. रजा एका दिवसाची, तिकिटं एका सत्राची. म्हणजे पर्ड्यू नेमका कधी खेळणार ते आधी कळायला हवं, आणि ते ठरतं मानांकनावर, म्हणजे हंगामाच्या तक्त्यातल्या क्रमांकावर. त्या वर्षी अठरा संघांपैकी पंधराच खेळणार होते. पहिले चार थेट शुक्रवारी उतरणार होते, पाच ते नऊ गुरुवारी आणि बाकीचे बुधवारी. पाचव्याचा सामना गुरुवारी दुपारच्या सत्रात होता, सहाव्याचा त्याच दिवशी रात्री सगळ्यात शेवटी. एका क्रमांकाचा फरक पडला तरी तिकीट वेगळं.

शुक्रवारी, ७ मार्चला पर्ड्यू इलिनॉयकडून ८८–८० असा हरला. शनिवारी विस्कॉन्सिन पेन स्टेटकडून हरला आणि यूसीएलए जिंकला. तिघेही १३–७, म्हणजे तेरा विजय, सात पराभव. वरचे तीन संघ ठरलेले, त्यामुळे चार, पाच आणि सहा ही मानांकनं या तिघांतच वाटली जाणार होती.

जेवण झाल्यावर मी वही घेऊन बसलो. बरोबरी सोडवायचा पहिला नियम आपसातल्या सामन्यांचा. यूसीएलएनं विस्कॉन्सिनला ८५–८३ हरवलेलं, विस्कॉन्सिननं पर्ड्यूला ९४–८४, पर्ड्यूनं यूसीएलएला ७६–६६. प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. त्या बाईंनी यातला एकच सामना बघितला होता. बरोबरी तिघांत असेल तर दोघांचाच सामना उचलून चालत नाही, तिघांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो, आणि तो मांडला तर सगळे सारखेच.

बाबा म्हणाले, "अरे, मग रनरेटसारखं काढ की. कोण किती गुणांनी जिंकला ते बघ." काढलं. विस्कॉन्सिन अधिक आठ, पर्ड्यू शून्य, यूसीएलए उणे आठ. पण इथल्या नियमांत गुणांच्या फरकाला जागाच नाही. दोन गुणांनी जिंका नाहीतर वीस, विजय तो विजय.

पुढची पायरी म्हणजे तक्त्यात सगळ्यात वर असलेल्या संघाविरुद्ध कोणी काय केलं. वर होता मिशिगन स्टेट. त्याला यूसीएलएनं ६३–६१ हरवलं होतं, बाकीचे दोघे त्याच्याकडून हरले होते. यूसीएलए चौथा. शुक्रवारची तिकिटं घेतली नाहीत, म्हणून जीव भांड्यात पडला.

आणि इथेच मी चुकलो. तसाच तक्त्यात खाली उतरत गेलो. पुढे मेरीलँड आणि मिशिगन. मेरीलँडला पर्ड्यूनं हरवलेलं, विस्कॉन्सिन हरलेला. मिशिगनविरुद्ध पर्ड्यूचा एक विजय, एक पराभव, विस्कॉन्सिनचा नुसता पराभव. म्हणजे पर्ड्यू पाचवा! गुरुवार दुपारची दोन तिकिटं निवडली, पैसे भरायच्या पानापर्यंत पोचलो. मन मानेना म्हणून नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, तेव्हा ते कलम दिसलं: एक संघ वेगळा निघाला की उरलेल्यांनी परत पहिल्या पायरीवर यायचं. पहिली पायरी म्हणजे आपसातला सामना, आणि तो विस्कॉन्सिननं जिंकलेला. विस्कॉन्सिन पाचवा, पर्ड्यू सहावा. रात्रीचा दीड वाजला होता. गुरुवार रात्रीची तिकिटं घेतली आणि मगच झोपलो.

इतक्या महत्त्वाच्या कलमाला वेगळा ठळक मथळा का देत नाहीत, हे मला अजून समजलेलं नाही. तुम्ही हा हिशेब करणार असाल, तर प्रत्येक संघ वेगळा निघाला की वहीचं पान उलटा आणि नव्यानं मांडणी करा. जुन्या पानावर पुढे जाऊ नका. दुसरं म्हणजे विजयांची संख्या मोजू नका, टक्केवारी काढा. वीस सामन्यांत सतरा प्रतिस्पर्धी, म्हणजे तिघांशीच दोनदा गाठ पडते. बरोबरीतल्या एखाद्या जोडीचे दोन सामने झालेले असले, की नुसती संख्या फसवते.

रविवारी रात्री अधिकृत तक्ता आला. पर्ड्यू सहावा. मी बाबांना हाक मारून दाखवला, मला फार अभिमान वाटला. त्याच तक्त्यात खाली पाच संघ ७–१३ वर अडकले होते. त्यातले चार आत आले आणि नेब्रास्का, शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर आयोवाकडून हरून, बाहेर राहिला. नेब्रास्काच्या लिंकन गावातही त्या रात्री कोणीतरी माझ्यासारखीच वही घेऊन बसलं असेल, आणि त्यांचं उत्तर पाहून मला वाईट वाटलं.

गुरुवारी रात्री पर्ड्यूनं यूएससीला ७६–७१ हरवलं. शेवटच्या दोन मिनिटांत बाबा खुर्चीवर बसलेच नाहीत. आणि हो, आमच्या सत्राच्या तिकिटात दोन सामने होते. आम्हाला आधी इलिनॉय–आयोवाही बघायला मिळाला. तेव्हा लवकर पोचा.