महासाथीत दुबईला जाताना

करोनाच्या साथीत केवळ हौसेखातर परदेशी फिरायला जावे का, हा प्रश्न आमच्या घरात 2021 च्या मार्चमध्ये निघाला तेव्हा उत्तर ‘नाही’ असे आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा निघाला तेव्हा ‘जाऊ, पण परतल्यावरची व्यवस्था आधी ठरवून’ असे आले. माणसे तीच होती आणि पैसेही तेच होते. मधल्या काळात काय बदलले आणि नागपूरहून दुबईला जाऊन येताना काय काय करावे लागले, ते इथे लिहिते आहे. शिक्षण, नोकरी किंवा आजारपण यांसाठी जाणाऱ्यांची गोष्ट मी यात धरत नाही. सरकारनेही ती वेगळीच मानली होती. कोविशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचे अंतर सक्तीचे असताना जून 2021 मध्ये विद्यार्थी, परदेशी नोकरीवर जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकचे पथक यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची सवलत मिळाली. सहलीला जाणाऱ्यांना ती नव्हती, आणि नसावी हेच मला योग्य वाटले होते.

आमचे पैसे 2020 पासून अडकलेले होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी आम्ही एका सहल कंपनीकडे आगाऊ रक्कम भरली होती. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली, सहल रद्द झाली आणि कंपनीने रोख परतावा न देता ‘क्रेडिट नोट’ हातात ठेवली. तिची मुदत ते वाढवत राहिले, पण दर वेळी ‘या वेळी वापरा, नाहीतर बुडेल’ हे सांगायला विसरले नाहीत. 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांनी मालदीवचा पर्याय पुढे केला. मालदीवने 15 जुलै 2020 पासूनच पर्यटकांना दारे उघडली होती, तिथे पोहोचल्यावर व्हिसा मिळत होता, आणि निगेटिव्ह अहवाल असला की विलगीकरणही नव्हते. घरातल्या मंडळींचे मन तिकडे ओढले गेले, यात नवल काही नव्हते.

त्याच वेळी नागपुरात मात्र रुग्ण झपाट्याने वाढत होते. 15 ते 21 मार्च शहरात टाळेबंदी लागली. मी बँकेत नोकरी करते. आमच्या शाखेतील काउंटर एकेक करून रिकामे होत होते. जेवणाच्या टेबलावर चर्चा सुरू होती ती तिकडून आजार घेऊन येण्याची, आणि मला खटकत होते ते नेमके हेच. त्या महिन्यात आजार असलेली बाजू आमची होती. लहान लहान बेटांच्या त्या देशात, मोजक्या रुग्णालयांवर भिस्त असलेल्या लोकांकडे, आम्ही नागपूरहून काय घेऊन जाणार होतो, याचा विचार सहलीच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हता. एका निगेटिव्ह अहवालाने त्याचे उत्तर मिळत नाही, कारण स्वॅब दिला त्या क्षणापलीकडचे तो काहीच सांगत नाही. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून आम्ही नकार कळवला. पुढे एप्रिलमध्ये शहरात प्राणवायू आणि खाटांची जी दशा झाली, ती नागपूरकरांना सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या एका काकांना इथे कुठेच खाट मिळेना, तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना अमरावतीला नेले. विशाखापट्टणमहून निघालेल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसमधील काही टँकर 23 एप्रिलला नागपुरात उतरले, ती बातमी आम्ही सगळ्यांनी टीव्हीसमोर उभे राहून पाहिली. त्याच दिवसांत मालदीवच्या किनाऱ्यावरील सिनेतारकांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरत होती आणि लोक चिडत होते. मे महिन्याच्या मध्यावर मालदीवने दक्षिण आशियातील पर्यटकांना प्रवेश बंद केला. तो त्यांनी उशिराच केला, असे माझे मत आहे.

ऑक्टोबरपर्यंत चित्र पालटले होते. नागपुरात रोजचे नवे रुग्ण एक आकडी संख्येवर आले होते आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांचे दोन्ही डोस पूर्ण झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीने 30 ऑगस्टपासून पर्यटन व्हिसा खुला केला होता, आणि 1 ऑक्टोबरपासून दुबईत एक्स्पो हे जागतिक प्रदर्शन सुरू झाले होते. एक अडचण तेवढी होती. मला आणि मुलीला कोविशिल्ड मिळाली होती, तर यजमानांना कोव्हॅक्सिन. त्या वेळी ज्या केंद्रावर जी लस आली ती लोकांनी घेतली. पुढे पासपोर्टच्या कामी तिचा प्रश्न येईल, हे कुणाच्या मनातही नव्हते. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत मिळाली, आणि त्यानंतरच आम्ही सहल कंपनीला होकार दिला.

होकार देण्याआधी घरात जी बोलणी झाली, त्यांतच माझ्या मते या प्रश्नाचा खरा भाग आहे. सरकारचे सगळे नियम प्रवाशाच्या कागदांविषयी असतात. प्रवासी परतल्यावर कुणाच्या हातचा चहा पितो, कुणाला भांडी घासायला देतो आणि कुणाशेजारी झोपतो, हे कोणताही अर्ज विचारत नाही. आमच्याकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई आणखी चार घरी जातात आणि त्यांच्या धाकट्या मुलाला दमा आहे. माझ्या शाखेत दिवसभर निवृत्तिवेतनधारकांची रांग असते, त्यातही नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. यांच्यापैकी कुणालाही दुबई पाहायची नव्हती, पण जोखीम मात्र सगळ्यांच्या वाट्याला येणार होती. त्यामुळे परतल्यानंतरचे वेगळे राहण्याचे दिवस रजेच्या अर्जात धरायचे, ताईंना त्या संपूर्ण काळाचा पगार देऊन सुट्टी द्यायची, सासूबाईंची सोय दुसरीकडे करायची, आणि हे सगळे जमत असेल तरच तिकीट काढायचे, असे मी घरात स्पष्ट सांगितले. यजमानांना हे जरा जास्तच वाटले. ‘नियमात नाही ते कशाला अंगावर ओढून घ्यायचे?’ हा त्यांचा प्रश्न होता. सासूबाईंनी तो सोडवला. त्यांच्या आजीच्या काळी प्लेग आला की लोक गाव सोडून वावरात झोपड्या बांधून राहत, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. त्या म्हणाल्या, “जाऊन या ना बाप्पा, हौस करून घ्या. पण आल्यावर थेट माझ्यापाशी येऊ नका, तिकडेच वावरात राहा.” आमचे वावर म्हणजे माझ्या भावाचा बेसा भागातला रिकामा फ्लॅट. नणंद वर्ध्याची. तेव्हा एसटीचा संप सुरू होता, म्हणून नंदोई स्वतः गाडी घेऊन आले आणि सासूबाईंना घेऊन गेले.

कागदपत्रांचे प्रकरण वेळखाऊ होते. कोविन प्रमाणपत्रावर माझे नाव आधार कार्डाप्रमाणे, म्हणजे मधे यजमानांचे नाव आणि शेवटी आडनाव असे होते. पासपोर्टवर मधले नावच नव्हते. कोविनवर नावाची दुरुस्ती एकदाच करता येत होती, त्यामुळे मुलीने पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासले, मगच बटण दाबले, आणि पासपोर्ट क्रमांकही जोडून घेतला. प्रवास विम्यात करोनाचा खर्च धरलेला आहे का, हे मी पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधून काढले. तिथे पॉझिटिव्ह आलो तर हॉटेलात अडकून राहण्याचा खर्च वेगळा काढून ठेवला. तो ज्याला परवडत नाही त्याने साथीत परदेशी जाऊ नये, हे मी कठोर वाटले तरी म्हणेन.

भारतातून दुबईला जाणाऱ्यांकडे आरटी-पीसीआरचा 48 तासांच्या आतला अहवाल लागत होता, त्यावर क्यूआर कोड हवा होता, आणि शिवाय विमान सुटण्याआधीच्या सहा तासांत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करून घ्यावी लागत होती. हे 48 तास स्वॅब घेतल्यापासून मोजायचे. आम्ही नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून दुबई असे जाणार होतो. स्वॅब लवकर दिला तर मुंबईत मुदत संपणार आणि उशिरा दिला तर अहवालाशिवाय नागपूर सोडावे लागणार, असा तो पेच होता. धंतोलीतील ज्या प्रयोगशाळेत आम्ही गेलो, तिथल्या छापील नमुन्यात फक्त तारीख होती. स्वॅब घेणारा तरुण म्हणाला, “मॅडम, तारीख आहे ना, चालते.” मी त्याला विमान कंपनीची सूचना मोबाइलवर दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, आत जाऊन विचारून आला, आणि आमच्या तिघांच्या नोंदीत स्वॅबची वेळ संगणकावर भरली. रात्री अहवाल आला तेव्हा मी आधी ती वेळ पाहिली आणि मग ‘निगेटिव्ह’ हा शब्द. मुंबईला काउंटरवरच्या मुलीनेही नेमके त्या वेळेवरच बोट ठेवले आणि बोटांवर तास मोजले. राज्य सरकारने प्रयोगशाळेत जाऊन केलेल्या साध्या चाचणीचा दर 500 रुपयांवर आणला होता. विमानतळावरच्या रॅपिड चाचणीला त्याच्या कित्येक पट मोजावे लागले. दुबईत उतरल्यावर पुन्हा स्वॅब दिला आणि अहवाल येईपर्यंत हॉटेलच्या खोलीत थांबलो.

दुबईविषयी फार लिहीत नाही. एक्स्पोत प्रौढांना लशीचे प्रमाणपत्र किंवा निगेटिव्ह अहवाल दाखवल्याशिवाय प्रवेश नव्हता, मास्क न लावल्यास 3000 दिरहम दंड होता, आणि त्यामुळे की काय, सीताबर्डीच्या दिवाळीतल्या गर्दीपेक्षा तिथे मला अधिक सुरक्षित वाटले. भारताच्या दालनाची फिरत्या ठोकळ्यांची दर्शनी भिंत मुलीला आवडली. परतीच्या आधी, 26 नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेत आढळलेल्या नव्या प्रकाराला ‘ओमायक्रॉन’ नाव मिळाल्याची बातमी आली. हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत सगळे आपापल्या फोनमध्ये तेच वाचत होते. आम्ही भारतात येणाऱ्यांसाठीच्या सरकारी ‘एअर सुविधा’ पोर्टलवर स्वयंघोषणा भरली, तिथल्या चाचणीचे अहवाल चढवले आणि ठरल्या दिवशी निघालो.

मुंबईत उतरलो तेव्हा आम्हांला कुणीही वेगळे राहायला सांगितले नाही. तेव्हाच्या नियमांनुसार चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे एवढेच अपेक्षित होते. केंद्राचे कडक नियम 1 डिसेंबरपासून लागू झाले आणि राज्याने त्याहून कडक नियम काढून दोन दिवसांत सैल केले. आम्ही या सगळ्याच्या आधी येऊन बेशाला मुक्काम टाकलाही होता. डबा खाली ठेवून जाणारा माणूस आधीच ठरवलेला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला महापालिकेतून फोन आला. परदेशातून आलेल्यांच्या यादीत आमची नावे होती. बोलणाऱ्या बाईंनी लक्षणे विचारली, पत्ता घेतला आणि पुन्हा चाचणी करायला सांगितले, जी आम्ही तशीही करणारच होतो. ती निगेटिव्ह आल्यावरच आम्ही घरी गेलो. पुढे 12 डिसेंबरला पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या एका प्रवाशाच्या रूपाने नागपुरात ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला आणि आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘परदेशातून आलेल्यांची नावे फलकावर लावा’ अशी सूचना आली. फलक कुणी लावला नाही, पण मी स्वतःच आमच्या चाचणीच्या तारखा गटावर टाकल्या. राग आला नव्हता असे नाही. तरी विचारणाऱ्यांचे चुकले, असेही मला वाटले नाही.

यावर काही लोक म्हणतात की पर्यटनावर पोट असलेल्यांचे काय? दुबईत आम्हांला भेटलेले टॅक्सीचालक आणि हॉटेलातील मुले केरळ, नेपाळ, पाकिस्तानातली होती आणि 2020 मध्ये त्यांच्यातल्या अनेकांनी पगाराविना दिवस काढले होते, हे खरे आहे. पण मार्चमध्येही हाच युक्तिवाद तितकाच खरा होता; तेव्हा त्याच्या जोरावर जाणे मला पटले नसते. तेवढ्याच कळवळ्याने पैसे खर्चायचे तर पेंच आणि ताडोब्याचे जिप्सीचालक आमच्या शेजारीच होते. उलट बाजूने, देशातल्या देशात फिरणे निर्दोष आणि परदेशी जाणे तेवढे पाप, हेही मला मान्य नाही. दुबईच्या वाटेवर माझ्या नाकात वारंवार काडी गेली, आणि त्याच आठवड्यात नागपूर स्थानकातून हजारो लोक कुणीही न विचारता गाड्यांत चढले.

मुलीशी माझा यावरून वाद अजून चालू आहे. जानेवारीत तिसरी लाट आली आणि शहरात घरोघरी ताप दिसू लागला, तेव्हा ती म्हणाली, “आई, शेवटी सगळ्यांनाच झाला ना? आपल्या त्या बेशाच्या मुक्कामाने काय थांबले?” शहरात काय थांबले ते मला सांगता येत नाही, आणि तसा दावा मी केलाही नव्हता. माझा हिशेब वर्ध्याला गेलेल्या सासूबाई, ताई आणि त्यांचा मुलगा एवढ्यांचाच होता. ती म्हणते की एवढे करायचे तर सहलीची मजाच राहत नाही. त्या वर्षी ज्यांना तसे वाटले, त्यांनी घरी राहणे बरे होते, असे मी तिला सांगितले; तिला ते अजून पटलेले नाही.