चेन पडली होती

रविवार, रात्री

पाय दुखतायत त्याचं काही नाही. सायकलने पाबे घाट केलाय, दुखणारच. झोप उडालीये ती एका वाक्याने. "चेन पडली होती." आज हे वाक्य मी तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा चेन जिथल्या तिथे होती.

बरं, दुसऱ्या वेळी तर कोणी विचारलंही नव्हतं.

पहाटे पाचला पुण्यात राजाराम पुलावर आम्ही सहा जण. डिसेंबरनंतर माझी ही पहिलीच मोठी राइड, त्यामुळे सगळे जरा जास्तच गोड वागत होते. तेही एक असतंच. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीसवाल्यांचे गाडे अजून ताडपत्रीखाली होते. डोणज्याला सिंहगडाची मंडळी डावीकडे वळली, आम्ही धरणाच्या कडेकडेने सरळ खानापूरला. तिथे पोहे, चहा, पुन्हा चहा. मग पानशेतचा रस्ता सोडून डावीकडे, रांजण्याकडे.

हा तुकडा मला फार आवडतो. गाड्या एकदम कमी होतात. भात पोटरीला आलंय, बांधावर तेरडा, वरच्या उतारांवर सोनकी अशी पसरलीये की कोणी हळद सांडून ठेवलीये असं वाटावं. झाडी दाट होत गेली की हवा गार लागते, आणि नेमका तिथेच चढ सुरू होतो. घाम आणि गारवा एकाच वेळी. इथपर्यंत मी ठीक होतो. मागे होतो, पण ठीक होतो.

माझं गणित सांगतो. पुढे ३४ दाती, मागे सगळ्यात मोठी चकती २८ दाती. पायडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक जेमतेम सव्वा फेरा फिरतं, म्हणजे सायकल अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे पडले तर ताशी साडेसात किलोमीटर. चाळीस पडले तर सहा. त्याच्या खाली गेलं की सायकल डुगडुगायला लागते, पुढचं चाक इकडेतिकडे बघायला लागतं आणि बुटांच्या तळाला असतात त्या क्लीट (पायडलला अडकणाऱ्या पट्ट्या) पायडलमध्ये अडकलेल्या असल्यामुळे मनात एकच विचार राहतो, की आपण आता आडवे होणार. आमच्यातला डॉक्टर दोन वर्षं सांगतोय, मागे ३२ची कॅसेट (चकत्यांचा संच) बसवा, गुडघे वाचतील. एका फेऱ्याला सव्वादोन मीटरच जाल, पण जाल तरी. मी म्हणायचो, बघू. त्या 'बघू'त काय होतं ते मला माहितीये. त्यालाही माहितीये.

पावसाने एका वळणावर रस्ता उखडलाय, सगळी बारीक खडी. तिथे मी उतरलो. पडलो नाही, थांबावं लागलं असंही नाही. क्लीट काढली, पाय टेकला, उतरलो आणि ढकलायला लागलो. क्लीटचे बूट घालून डांबरावर चालताना लग्नातल्या घोड्यासारखा आवाज येतो. खट खट खट.

वळणाच्या आतल्या बाजूला एक बाबा म्हशी घेऊन बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "बंद पडली का?"

"चेन पडली," मी म्हणालो.

का? ते कोण, मी कोण. त्यांना माझ्या दमण्या-न दमण्याशी काय करायचं होतं? "दमलो बाबा" म्हटलं असतं तर ते "बसा की" म्हणाले असते, विषय संपला असता. पण नाही. आणि त्या भल्या माणसाने काठी खाली ठेवली, उठून आला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि चेन बघितली. दोन बोटांनी थोडी हलवूनसुद्धा बघितली.

"बसलीये की वो!"

मी म्हणालो, "हो का? मग बसली असेल."

बसली असेल! आपोआप! घाटाने बसवली! हे लिहितानाही कान गरम होतायत.

वर खिंडीत पोचलो तर पाचही जण कठड्यावर बसून चिक्की खात होते. समोर उजवीकडे तोरणा, डावीकडे राजगड, दोन्ही एकदम मोकळे. तोरण्याचं टोक बहुतेक वेळा ढगातच असतं, आज १४०३ मीटर पूर्णच्या पूर्ण दिसत होते. फोटो काढून झाला होता. मी आल्यावर पुन्हा काढला. त्याबद्दल काही म्हणायचं नाही मला.

कोणी काही विचारलं नाही. शपथेवर. आणि मी हेल्मेट काढायच्या आधी म्हणालो, "चेन पडली होती यार, त्या खडीत."

"होतं असं," डॉक्टर म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, तो राजगडाच्या माच्या दाखवत होता. पण बारक्याने बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. ज्याने एकदा तरी रस्त्यात चेन चढवलीये त्याला माहिती असतं. बोटांची पेरं काळी होतात, नखांत वंगण जातं, ते दोन दिवस निघत नाही. माझे हात, घाम सोडला तर, देवाला जोडावेत इतके स्वच्छ होते. बारक्याने बघितलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "काका, चिक्की घ्या, शेंगदाण्याची संपतेय."

हेच छळतंय मला दिवसभर. हसला असता तर बरं झालं असतं. चोवीस वर्षांच्या पोराने मला सांभाळून घेतलं.

पुढचं सगळं नीट झालं. पाब्याकडे उतार, वेल्हे, मार्गासनी, नसरापूरचं वळण, मग हायवेची ती रटाळ पट्टी आणि उन्हात कात्रज. मी चक्क दोघांच्या पुढे होतो. पण मन त्या वळणावरच.

म्हणजे उतरण्यात वाईट काय आहे? ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास देतात. कार्डावर वेळेत शिक्के पडले की झालं, मधे चालवली की ढकलली, कोणी विचारत नाही. एका वर्षी अशाच ब्रेवेत रात्री मी अर्धा किलोमीटर ढकलली होती आणि सगळ्यांना हसत सांगितली होती. मग आज काय झालं? डिसेंबर झाला, दुसरं काय. तेव्हा ढकलणं ही गंमत होती. आज ती बातमी झाली असती.

दुपारी पडल्या पडल्या स्ट्राव्हा उघडलं, राइडची नोंद ठेवणारं ॲप. त्यात आलेख आहे. चेन पडली तर माणूस थांबतो, वेग शून्य होतो. माझा वेग अकरा मिनिटं ताशी चार किलोमीटर आहे, मधे त्या बाबांपाशी दीड मिनिट शून्य. मोबाइलला सगळं कळतं. राइड 'फक्त मला' करून टाकावी असं दहा वेळा वाटलं. मग वाटलं, लपवली तर बारक्या नक्की बघेल. राहू दिली तशीच.

आणि मग एकदम आप्पा आठवले. सासवडला आत्याकडे जायचो ते. मी पुढे दांड्यावर, मागे कॅरिअरला पिशवी. हडपसर, फुरसुंगी, वडकी, आणि दिवे घाट आला की आप्पा म्हणायचे, "उतर रे." दोघं उतरायचो, ते सायकल ढकलायचे, मी मागून कॅरिअरला हात लावून ढकलल्यासारखं करायचो. मस्तानी तलाव खाली लहान लहान होत जायचा. त्या सायकलला गिअर नव्हते, त्यामुळे घाट चालायचाच असतो असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

पण आज आठवलं ते हे नाही. वडकीला एक रसवंती होती. आप्पा तिथे बसायचे. एक ग्लास, मग गप्पा, मग आणखी एक ग्लास. दीड तास. आत्या दारातच उभी, "किती उशीर रे दादा?" आणि आप्पा शांतपणे म्हणायचे, "पंक्चर झालं गं वडकीला."

मी शेजारी उभा. ओठांवर उसाचा रस वाळलेला. आत्या माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो.

आप्पांची सायकल अजून जिन्याखाली आहे. तिचं काहीतरी करायला हवं. असो.

संध्याकाळी चेन साफ करायला घेतली. खडीच्या रस्त्याची धूळ होतीच, करायलाच हवी होती. (असं मी स्वतःला सांगितलं.) जुना टूथब्रश, वाटीभर डिझेल, फडकं. एकेक कडी घासत बसलो. हात मनगटापर्यंत काळे.

ही गॅलरीत कपडे काढायला आली. "डॉक्टरांकडे फोन केला होता. तुमची आज चेन पडली होती म्हणे घाटात?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. म्हणालो, "हो ना, चेन पडली होती."

तिने हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. कपडे खांद्यावर टाकून आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली.

"नुसत्या साबणाने जाणार नाही ते," म्हणाली. "तेल लावा आणि साखरेने चोळा."