झाकणावरचा शिक्का : एक्सलरेटेड नर्सिंगच्या प्रवेशाचा माझा अनुभव

बी.एस्सी. आणि एम.एस्सी. या दोन्ही पदव्या सूक्ष्मजीवशास्त्रात घेतलेल्या बाईला अमेरिकेत नर्सिंगच्या प्रवेशासाठी सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो, असे मला कोणी आधी सांगितले असते तर मी हसले असते. प्रत्यक्षात तो मी केला, आणि या सगळ्या खटाटोपातला तोच सर्वांत सुखाचा भाग ठरला. खरा त्रास दिला तो एका कागदी पाकिटाच्या झाकणाने. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे या लेखात त्या पाकिटाला जरा जास्त जागा मिळाली तर वाचकांनी समजून घ्यावे.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मुलगा माध्यमिक शाळेत गेला, ग्रीन कार्ड हातात आले, आणि घरात बसून राहण्यासाठी माझ्याकडे कोणतेही कारण उरले नाही. ज्यांच्याकडे कोणत्याही विषयाची पदवी आहे त्यांच्यासाठी इथे नर्सिंगची दुसरी पदवी कमी वेळात देणारे ‘एक्सलरेटेड’ अभ्यासक्रम असतात. सामान्यतः १२ ते १८ महिने, पूर्ण वेळ, उन्हाळ्याची सुटी नाही. शेवटी मिळते ती बी.एस.एन. ही नर्सिंगची नेहमीचीच पदवी, आणि परिचारिकेच्या परवान्यासाठी द्यावी लागते तीही चार वर्षे शिकलेल्यांचीच एनक्लेक्स-आरएन परीक्षा. वेळ वाचतो याचे कारण एवढेच की इतर विषय तुम्ही आधीच शिकलेले आहात असे गृहीत धरले जाते. मात्र ते तुम्ही शिकलेले आहात हे कागदावर सिद्ध करावे लागते, आणि माझे गाडे तिथेच अडले.

महाविद्यालय निवडताना मी जाहिराती बाजूला ठेवल्या आणि आधी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे शिक्षण तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का; दुसरी, तिथले किती विद्यार्थी एनक्लेक्स पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होतात. हा दुसरा आकडा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात शोधण्यापेक्षा राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे पाहावा, कारण माहितीपत्रकात सोयीचे वर्ष निवडून छापता येते. एका क्रेडिटचा (अभ्यास मोजण्याच्या एककाचा) दर पाहून हुरळून जाऊ नये. एकूण क्रेडिट, प्रयोगशाळेचे शुल्क, गणवेश आणि परीक्षांच्या सॉफ्टवेअरचे पैसे मिळवून एकच आकडा काढावा आणि मग तुलना करावी. माझ्या यादीत सुरुवातीला पाच महाविद्यालये होती. एकाने शरीररचनाशास्त्र पाच वर्षांच्या आत शिकलेले हवे म्हटले, एकाने परदेशी पदवी असल्यामुळे टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मागितली, एकाने रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची जागा नेमकी कुठे मिळेल या प्रश्नाला तीन ईमेलनंतरही सरळ उत्तर दिले नाही. उरलेल्या दोघांपैकी घरापासून ४० मिनिटांवर असलेले मी निवडले, कारण रुग्णालयातली पाळी सकाळी पावणेसातला सुरू होते हे मला शेजारच्या मल्याळी परिचारिकेने आधीच बजावून सांगितले होते.

पूर्वअट म्हणून लागणारे विषय, म्हणजे शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, संख्याशास्त्र, पोषणशास्त्र आणि विकासात्मक मानसशास्त्र, मी २०२१ च्या शरद सत्रापासून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात केले. माझी एम.एस्सी. २००८ ची, आणि विज्ञानाचे विषय सात वर्षांच्या आत शिकलेले असावेत हा नियम, म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात सूक्ष्मजीवशास्त्रही आले. ग्रॅम रंजनाच्या, म्हणजे जांभळ्या आणि गुलाबी रंगांवरून जिवाणूंचे दोन गट ओळखण्याच्या प्रयोगात माझ्या शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी अल्कोहोल इतका वेळ ओतत राहिली की काचपट्टीवरचे जांभळे जिवाणूही गुलाबी दिसू लागले. मी तिचा हात धरून थांबवले, आणि रंग वाहणे संपत आले की लगेच पाणी सोडायचे हे दाखवले. त्या दिवसापासून अर्धा वर्ग आपली काचपट्टी घेऊन आधी माझ्याकडे आणि मग शिक्षकांकडे जाऊ लागला. त्या आठ आठवड्यांत माझी बोटे क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंगलेली होती आणि मी फार खुशीत होते.

त्याच खुशीत मी एक चूक केली. भारतातल्या ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे विषय आणि गुणांच्या विद्यापीठाने दिलेल्या अधिकृत उताऱ्याला, तीन आठवडे पुरतील असे समजून ते काम जुलैच्या अखेरीस हाती घेतले. महाविद्यालयाची अंतिम तारीख १ ऑक्टोबर होती.

परदेशी पदवी असेल तर तिचे विषयवार मूल्यांकन एखाद्या मान्य संस्थेकडून करून घ्यावे लागते. साधारणतः नेसेस या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेतल्या सदस्यांचे अहवाल चालतात. तरी आपले महाविद्यालय कोणाचा अहवाल स्वीकारते हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. मी निवडलेल्या संस्थेची अट अशी होती की ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठानेच पाकिटात घालावे, पाकीट बंद करावे, आणि झाकण जिथे चिकटते त्या रेषेवर शिक्का व सही करावी. विद्यार्थ्याने पाकीट उघडले की ते बाद. माझे विद्यापीठ महाराष्ट्रातले आहे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण शेवटी तिथल्याच एका बाईंनी मला सोडवले.

बाबा एस.टी.ने दोन तास प्रवास करून विद्यापीठात गेले. माझे अधिकारपत्र, गुणपत्रिका, त्यांच्या झेरॉक्स आणि पैसे भरल्याची पावती असे सगळे त्यांनी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून नेले होते. खिडकी अकराला उघडते, म्हणजे आमच्याकडे रात्रीचा दीड. मी फोन उशाशी घेऊन बसले होते. पहिला फोन पावणेदोनला आला. प्रथम वर्षाची गुणपत्रिका मी नोकरी लागल्यावर कौतुकाने लॅमिनेट करून घेतली होती. झेरॉक्स काढताना त्या प्लास्टिकवर प्रकाश चमकला आणि रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे गुण पांढऱ्या पट्ट्यात गडप झाले. “अगं, ते म्हणतात गुण दिसत नाहीत, तर लिहू काय?” बाबांनी विचारले. ते बाहेर जाऊन दुसऱ्या दुकानातून झेरॉक्स काढून परत येईपर्यंत जेवणाची सुटी झाली होती. (गुणपत्रिका कधीही लॅमिनेट करू नका. ज्यांनी केली आहे त्यांनी दुकानदाराला गडदपणा वाढवून, कागद तिरका ठेवून दोन-तीन प्रती काढायला सांगावे.)

दुसऱ्या खेपेला नावाचा प्रश्न आला. गुणपत्रिकेवर आधी माहेरचे आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव. पारपत्रावर माझे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. मूल्यांकन संस्थेच्या अर्जावर मी अर्थातच पारपत्राप्रमाणे नाव लिहिले होते. “काका, हा फॉर्म एका बाईचा आणि मार्कशीट दुसऱ्या बाईची,” असे खिडकीतून उत्तर आले, आणि खरे सांगायचे तर त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडून ते मिटले, पण त्यासाठी तिसरी खेप झाली. अशा प्रत्येक अर्जात ‘पूर्वीचे नाव’ असा रकाना असतो. तो पहिल्याच दिवशी भरावा, आणि गुणपत्रिकेवर ज्या क्रमाने नाव आहे त्याच क्रमाने भरावा.

ट्रान्सक्रिप्ट तयार झाले, पाकिटात गेले, कुरिअरने निघाले. मी सुटकेचा श्वास सोडला. बारा दिवसांनी मूल्यांकन संस्थेच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे ‘कागदपत्र अस्वीकृत’ असे आले. दोन दिवस दूरध्वनीवर संगीत ऐकल्यावर कारण कळले : विद्यापीठाचा शिक्का पाकिटावर होता, पण पत्त्याच्या बाजूला. झाकणावर नुसती पारदर्शक चिकटपट्टी होती. आतला प्रत्येक कागद खरा, त्यावरची सही खरी, शिक्काही खरा. केवळ तो चार इंच चुकीच्या जागी बसला होता. त्याच संभाषणात त्या कर्मचाऱ्याने सहज सांगितले की नुसती बी.एस्सी. त्यांच्या हिशेबी तीन वर्षांचे पदवीपूर्व शिक्षण होते, अमेरिकेतली पूर्ण पदवी नव्हे, एम.एस्सी.चे ट्रान्सक्रिप्टही हवे. काही मूल्यांकन संस्था नॅक या भारतातल्या संस्थेने महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला दिलेली श्रेणी पाहून तीन वर्षांची पदवी पूर्ण धरतात, काही धरत नाहीत. हे मला संस्था निवडण्याआधी कळायला हवे होते. आपली एम.एस्सी. इथे बिनकामाची आहे अशा समजुतीने मी ती अर्जात नोंदवली होती, पण तिचे कागद मागवले नव्हते.

तो ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. ३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. बाबांच्या घरी दीड दिवसाचा गणपती, त्यामागोमाग गौरी, आणि त्या दिवसांत विद्यापीठाच्या खिडकीवर कोण असेल, कोण रजेवर असेल याचा नेम नव्हता. मी बाबांवर फोनवर ओरडले, याची लाज अजून वाटते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्यासाठी उकाड्यात रांगेत उभा राहत होता आणि मी त्यांना शिक्का कुठे मारून घ्यायचा यावर व्याख्यान देत होते. ते एवढेच म्हणाले, “तू झाकणाचा फोटो पाठव. मी त्यांना दाखवतो.”

मी नुसत्या झाकणाचा फोटो पाठवला नाही. एक साधे पांढरे पाकीट घेऊन त्याच्या झाकणाच्या रेषेवर लाल पेनने गोल काढला, त्यात मराठीत ‘शिक्का इथे, सही इथे’ असे लिहिले आणि त्याचे चित्र बाबांना छापून घ्यायला सांगितले. गौरी गेल्यावर ते पुन्हा गेले. या वेळी खिडकीवर दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी ते चित्र पाहिले, हसल्या, आणि बाबांना आत बोलावून खुर्ची दिली. दोन्ही पदव्यांची ट्रान्सक्रिप्ट एकाच मोठ्या पाकिटात घातली, डिंक लावला, वाळेपर्यंत वर पंचिंग मशीन ठेवले, आणि मग झाकणावर तीन ठिकाणी शिक्का मारून प्रत्येकावर सही केली. “काका, आणखी एक जादा पाकीट करून ठेवू का? लोकांना नंतर लागतं,” असे त्यांनीच सुचवले. मला हे कधीच सुचले नसते.

अहवाल २६ सप्टेंबरला आला. नर्सिंगकॅस या प्रवेशअर्जाच्या संकेतस्थळावर अर्ज पूर्ण झाला तेव्हा अंतिम तारखेला चार दिवस उरले होते. टीज ही प्रवेशपरीक्षा मी ऑगस्टमध्येच दिली होती. १७० प्रश्न, २०९ मिनिटे, आणि शाळेत गणित व शास्त्र नीट झालेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखे काही नाही. इंग्रजी व्याकरणाच्या भागाचा मात्र सराव करावा. निबंध, मुलाखत, जानेवारीतले स्वीकृतीचे पत्र हे सगळे इतके सरळ पार पडले की त्याबद्दल सांगण्यासारखे काही आठवत नाही.

राहून गेलेल्या काही गोष्टी, आधी आरोग्य तपासणीच्या. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बीसीजीची लस दिलेली असते, आणि त्यामुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी खोटीच सकारात्मक येऊ शकते. दंडावरचा व्रण दाखवून सुरुवातीलाच रक्तचाचणी मागावी. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मी त्वचेची चाचणी करून घेतली, मनगटाच्या वर रुपयाएवढी गाठ आली आणि छातीच्या क्ष-किरण तपासणीचा खर्च अंगावर पडला. हेपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात, म्हणून प्रवेश मिळेल की नाही याची वाट न पाहता ती लस सुरू करावी. आर्थिक साहाय्याच्या अर्जात आधीची पदवी परदेशी असली तरी ती पदवीच धरली जाते, त्यामुळे पेल हे केंद्र सरकारचे अनुदान मिळत नाही. कर्ज मिळू शकते, पण आपण पात्र आहोत का आणि मर्यादा किती हे महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून समजून घ्यावे. आणि मूल्यांकनाचा अहवाल आला की त्यातले विषय एकेक करून तपासावेत. माझ्या अहवालात जीवरसायनशास्त्राचे क्रेडिट एका वर्षाऐवजी दुसऱ्या वर्षात गेले होते. ते दुरुस्त करायला एक ईमेल पुरला, पण ती चूक मीच शोधली.

मे २०२३ मध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या आठवड्यात नोंदणी कार्यालयाने सांगितले की मूळ पदवीचे ‘अंतिम अधिकृत ट्रान्सक्रिप्ट’ फाइलला लागेल, आणि माझे हातपाय गार पडले. मी घरी येऊन कपाटातून त्या बाईंनी करून दिलेले जादा पाकीट काढले, झाकणावरचे तीन शिक्के खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी ते न उघडता नेऊन दिले. कार्यालयातल्या मुलाने ते उलटेही करून पाहिले नाही. कात्रीने कडेने कापले, आतले कागद काढून घेतले आणि पाकीट टोपलीत टाकले. मी ते त्याच्याकडून परत मागून घेतले.