तुम्ही विचारलंत म्हणून: साडीवरचं गोपुर मॅटीवर कसं आलं

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक गोपुर आहे, लाल आणि जांभळ्या दोऱ्यातलं. हातात सुई धरणारी कुणीही घरी आली की त्याच्यासमोर थांबते आणि विचारते, "जुन्या साडीवरून ट्रेस केलंत का हो?"

एकदा केलं होतं. आईच्या मावशीची चंद्रकळा माझ्याकडे आली तेव्हाची गोष्ट. काळी इरकल, पदराजवळ गोपुर आणि अंगभर बारीक बुट्टे: तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, पोपट, पाळणा. बेळगावच्या आमच्या घरात त्याला नुसतं कशिदा म्हणत. कसुती हा धारवाडकडचा शब्द मला पुढे कळला. मी त्या गोपुरावर बटर पेपर ठेवला, आकार उतरवला, कार्बनने खणाच्या तुकड्यावर घेतला आणि उलट्या टाक्याने भरला. आकार तोच होता, तरी गोपुर मेल्यासारखं दिसत होतं. रेघा जागोजागी हललेल्या, मागे दोऱ्यांचं जाळं. साडी उलटी करून पाहिली, तर तिथे समोरच्यासारखंच स्वच्छ गोपुर! एकही गाठ नाही. त्या दिवशी मला कळलं की मी चित्र उतरवलं होतं, आणि साडीवर होती ती मोजणी.

ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना हे लगेच पटेल. रांगोळी शिकवताना आपण आकार दाखवत नाही, ठिपके सांगतो आणि रेघ कुठून कुठे न्यायची ते सांगतो. कसुतीत कापडाचे धागे हेच ठिपके. जुन्या बायका कापडावर काहीही न आखता धागे मोजत भरायच्या.

टाके चारच. गावंती म्हणजे दुहेरी धावदोरा: जाताना एक टाका वर, एक खाली, आणि परत येताना गाळलेल्या जागा भरायच्या. मुरगी म्हणजे तोच टाका पायऱ्यांसारखा चढता-उतरता. नेयगी म्हणजे धावदोऱ्याच्या लहानमोठ्या टाक्यांच्या ओळी एकाखाली एक, अगदी विणल्यासारख्या. कन्नडमध्ये नेय म्हणजे विणणं. आणि मेंथी म्हणजे फुली, मेथीच्या दाण्यावरून. गावंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात, मेंथी दिसत नाही. युरोपात गावंतीच्याच टाक्याला हॉलबाईन टाका म्हणतात, कारण सोळाव्या शतकातल्या हॉलबाईन या चित्रकाराने काढलेल्या माणसांच्या कपड्यांवर तो दिसतो.

म्हणून आता मी आधी सुईची वाट शोधते. साडी खिडकीच्या उजेडात धरायची, भिंग घ्यायचं आणि टाचणीच्या टोकाने टाके मोजत ग्राफ पेपरवर उतरवायचं. इथे बऱ्याच जणी चुकतात. फुलीच्या टाक्याच्या नमुन्यांची सवय असते, म्हणून त्या चौकोन रंगवतात. गावंतीत चौकोन रिकामे राहतात आणि ग्राफच्या रेघेवर रेघ येते. मग पेन्सिलीने त्या रेघांवरून चालून पाहायचं: सुई कुठून निघाली, फांदी कुठे फुटली. नियम साधा आहे. फांदी लागली की तिच्या टोकापर्यंत जाऊन, रिकाम्या जागा भरत परत खोडावर यायचं, मगच पुढे सरकायचं. खोड परतीच्या वाटेवर पुरं होतं. गोपुराची वाट सापडायला मला तीन रविवार लागले. ती सापडली तेव्हा आईच्या मावशीचा हात कसा फिरला असेल ते डोळ्यांसमोर आलं, आणि मी बराच वेळ साडी मांडीवर घेऊन बसले.

नवीन कापडावर खरी पंचाईत मापाची. त्या साडीवर आडव्या इंचात 18 टाके बसतात, उभ्या इंचात 16, कारण ताण्याचे आणि बाण्याचे धागे सारखे दाट नाहीत. गोपुर 54 टाके रुंद आणि 80 टाके उंच, म्हणजे साडीवर 3 इंच बाय 5 इंच. आपली मॅटी, म्हणजे भरतकामाचं घराघरांचं सुती कापड, इंचात 14 घरांची आणि दोन्हीकडे सारखी. तिच्यावर हेच टाके घातले की गोपुर चौदा आण्यांचंच दिसतं, बसकं आणि रुंद. मूळचा तोरा हवा असेल तर उंची 90 टाके लागते. हे जादा 10 टाके कुठे घालायचे? मजले वर निमुळते होत जातात, तिथे ओळी घुसवल्या की उतार मोडतो. मी 6 टाके तळाच्या उभ्या भिंतीत घातले आणि 4 कळसात. पोपट आणि हत्ती मात्र आहेत तसे घ्यावेत. एवढ्याशा बुट्ट्यात दोन टाके वाढवले की चोच जाते, सोंड जाते. थोडा ठेंगणा हत्ती चालतो.

ब्लाउजच्या सिल्कवर किंवा कुर्त्यावर धागे मोजता येत नाहीत. तिथे मोजणीची जाळी टाचून तिच्यावर भरायचं आणि काम झालं की जाळीचे धागे एकेक करून ओढून काढायचे. सहापदरी लडीतला एक पदर, फार तर दोन. पातळ कापडावर उलटा टाका नकोच, मागचे दोरे पुढून दिसतात. लाल रेशीम वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रंग सुटला तर पहिल्याच धुण्यात पांढरी ओढणी गुलाबी होते.

रंगांबद्दलही विचारतात. साडीची उजेडाकडची बाजू विटलेली असते. कशिदा दोन्हीकडे सारखा असल्यामुळे आतली बाजू बघता येते. माझ्या चंद्रकळेवर वरून जो विटकरी दिसतो, तो आतून चक्क केशरी आहे. मी केशरीच वापरला.

एक मागणी मात्र मी कधीच मान्य केली नाही: पदराचा तुकडा कापून उशीच्या अभ्र्यावर लावून द्या. कापलेल्या तुकड्यातून टाके मोजता येतील, पण बुट्टे एकमेकांपासून किती लांब होते, पदराकडे येताना ते कसे दाट होत गेले, हे कायमचं जाईल. साडी विरत चालली असली तरी आधी ती सगळी पसरा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, एक आडवी आणि एक उभी. उलट्या बाजूचाही फोटो घ्या. आणि घरात कुणी भरणारी आजी असेल, तर तिच्या हातात सुई देऊन एक पाळणा भरायला सांगा आणि ती पहिला टाका कुठे घालते तेवढं बघून ठेवा.