बॅटरी ठणठणीत, गाडी ठप्प

काल रात्री नेरूळला पार्किंगमध्ये बॉनेटखालून जळका वास आला आणि गाडी मेली. सेल्फ नाही, हॉर्न नाही, डॅशबोर्डवर दिवासुद्धा नाही. सोसायटीतल्या प्रत्येकाचं एकच, 'बॅटरी गेली, नवीन टाका.'

सकाळी मेकॅनिक आला. मीटर लावला तर बॅटरी १२.५ व्होल्ट! मग मेन फ्यूजच्या एका टोकाला १२, दुसऱ्या टोकाला शून्य, म्हणजे फ्यूज उडालेला. मला वाटलं, फ्यूज बदलला की काम झालं. तो म्हणाला, "थांबा दादा, कुठेतरी वायर थेट पत्र्याला टेकून शॉर्ट झालाय, तो शोधल्याशिवाय नवा टाकला तर तोही उडणार."

फ्यूजच्या जागी त्याने हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. लख्ख पेटला. शॉर्टकडे जाणारा करंट आता बल्बमधून जातो, म्हणजे शॉर्ट आहे तोवर पेटणारच. मग एकेक वायर हलवत गेला. फॉग लॅम्पची वायर ब्रॅकेटपासून बाजूला ओढली आणि बल्ब विझला. पत्र्याला घासून घासून तांबं उघडं पडलं होतं. बाहेरून बसवलेल्या लॅम्पचं हे वायरिंग, त्याला वेगळा फ्यूजच नव्हता. बसवणाऱ्याला काय म्हणावं!

बल्ब तर जुनाच होता. पण अशी डोकॅलिटी बघायला मिळाली की पैसे देताना घासाघीस करवत नाही.

फॉग लॅम्प तूर्त काढून ठेवलेत. कुणाला हवेत का?